खाटेखालची घोडी

मी एक जुनी लोखंडी घोडी आहे. मित्रांनो, लगाम, खोगीर, टापा असलं काही मनात आणू नका. मी जागची हलत नाही आणि न हलणं हेच माझं काम. मोटारगाडी जॅकने वर उचलली की तिच्याखाली मला लावतात आणि तिचं वजन माझ्यावर सोडतात. मग माणूस निर्धास्तपणे खाली शिरतो. मला चार पाय आहेत, मधे दाते असलेला एक खांब आहे, तो हव्या त्या उंचीवर अडकवायला खटका आहे आणि डोक्यावर एक खोबण आहे. एवढाच माझा संसार.

आम्ही जुळ्या. एकाच कारखान्यात, एकाच दुपारी, वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर घेत घडलो. शेवटी आमच्या डोक्यावर एक अवजड ठोकळा ठेवला आणि एक तपासनीस हातात वही घेऊन समोर उभा राहिला. आमचे पाय तसूभरही फाकले नाहीत, तेव्हा त्याने मान डोलावली. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

आमचा धनी लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर उंच इमारतींत लोंबकळणाऱ्या वजनांशी गाठ, त्यामुळे माणूस स्वभावाने सावध. घरी एक जुनी पांढरी गाडी होती आणि तिचं काही ना काही रडगाणं कायम चालू असायचं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमधे सिमेंटची सपाट जमीन होती. तिथे तो आधी हँडब्रेक ओढायचा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावायचा, मग जॅकने गाडी उचलायचा. मग आम्ही दोघी सांगाड्याच्या मजबूत पट्टीखाली, अगदी एका उंचीवर. जॅक सैल करून गाडी आमच्यावर टेकली की त्याचा चेहरा खुलायचा. विटा त्याने कधी लावल्या नाहीत. विटेचा भरवसा नाही म्हणायचा.

जॅक आमचा शेजारी. उचलायला सगळ्यांच्या पुढे, पण धरून ठेवायची वेळ आली की ढेपाळायचा. त्याचा आतला वायसर झिजला होता आणि अंगातून तेल पाझरायचं. "तू फक्त उचल रे बाबा. धरायचं माझ्या घोड्या बघून घेतील," असं धनी त्याला सांगायचा. हे ऐकून मी किती फुगत होते, ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

आणि धन्याची आई. ती शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायची. तो खाली शिरायच्या आधी तिचा एकच प्रश्न.

"हलवून बघितलंस का?"

मग तो गाडीला खांदा लावून दोनदा जोरात ढकलायचा. "नाही हलत."

"मग जा."

तिने 'जा' म्हटल्याशिवाय तो कधी गाडीखाली गेला नाही. पन्नाशीला आलेला माणूस, पण आईच्या परवानगीशिवाय पाठ टेकायचा नाही. "बायकोपेक्षा या दोन पोरींवर याचा जीव जास्त," असं आई सुनेला चिडवायची. सून औषधाच्या दुकानात कामाला होती. बोलण्यात तीही कमी नव्हती. "असणारच, त्या उलटून बोलत नाहीत ना," म्हणायची. ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो.

पुढे आईला दम्याने धरलं. आडवी झाली की जीव घाबरा व्हायचा. डॉक्टरांनी खाटेची डोक्याकडची बाजू उंच करायला सांगितली. उशा घसरायच्या, विटा डगमगायच्या. शेवटी धन्याने आम्हाला धुतलं, पायांना जुन्या सतरंजीचे तुकडे गुंडाळले आणि लोखंडी खाटेच्या उशाकडच्या पट्टीखाली दोघींना बसवलं. पहिल्या रात्री आई चार तास सलग झोपली. गाडी पेलताना वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्या रात्री वाटला.

गाडीचं काम निघालं की तो यायचा आणि म्हणायचा, "आई, ऊठ जरा. पोरी हव्यात." आई कण्हत, कुरकुरत खुर्चीत जाऊन बसायची. काम झालं की आम्ही परत खाटेखाली. असं वर्षभर सुरळीत चाललं.

मग तो आठवडा आला. आईचा खोकला इतका वाढला, की तीन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. धनी तिच्या पाठीवर हात फिरवत बसून राहायचा आणि सकाळी तसाच कामावर जायचा. रविवारी सकाळी तो तिला म्हणाला, "तू तासभर झोपलीस ना, तरी मला बरं वाटेल."

दुसऱ्या दिवशी तिला तपासायला न्यायचं होतं आणि गाडीच्या धुराच्या नळीचा क्लॅम्प सैल झाला होता. नळी खडखडायची, धूर आत यायचा. दम्याच्या माणसाला धुरात कसं न्यायचं? एक बोल्ट आवळायचा, दोन मिनिटांचं काम. सून स्वयंपाकघरात होती. दुपारी तो आम्हाला न्यायला खोलीत आला.

मित्रांनो, आता जे सांगते ते फक्त मला आणि आईला माहीत होतं. झोपलेल्या माणसाचा भार खाटेवर वेगळा लागतो. तो सगळीकडे सारखा पसरतो. त्या दुपारी वरचा भार अवघडलेला होता. आई जागी होती. मुलाची पावलं ऐकून तिने डोळे मिटून घेतले होते. तिला वाटलं, तो आपल्याला बघायला आलाय. आई झोपलीय असं वाटलं तर तेवढंच बरं वाटेल बिचाऱ्याला.

तो वाकला. माझ्या मानेला त्याने हात घातला. मग वर बघितलं. आई शांत पडलेली. त्याने हात काढून घेतला, खिडकीचा पडदा ओढला आणि पाय न वाजवता निघून गेला. जाताना तो हसत होता.

मी त्याला थांबवू शकले नाही. लोखंडाला हाक मारता येत नाही. त्या दिवशी शेडच्या दारात खुर्ची नव्हती आणि 'हलवून बघितलंस का' विचारायला कुणी नव्हतं. गाडी एकट्या जॅकवर होती. थोड्या वेळाने एक आवाज आला, फार मोठा नव्हता. आई मात्र ताडकन उठून बसली.

आमचा धनी परत आला नाही.

घरात माणसांची रीघ लागली. जो तो म्हणे, एवढा सावध माणूस, असं कसं केलं? सूनही म्हणायची. रडत नव्हती, नुसती धुमसत होती. "घरात दोन-दोन घोड्या होत्या. काढायचा आळस केला. माझा विचारसुद्धा आला नाही मनात." दोन महिने ती येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत राहिली. भिंतीपलीकडे आई ऐकायची. प्रत्येक वेळी वरचा भार आक्रसायचा. तिला बोलायचं होतं, पण सांगितलं तर सून आपल्याला आयुष्यात माफ करणार नाही, ही भीती होती. नाही सांगितलं तर मुलाच्या माथ्यावरचा आळसाचा डाग पुसला जाणार नव्हता.

एके दिवशी सुनेने भंगारवाल्याला बोलावलं. जॅक दिला. भंगारवाला म्हणाला, "ताई, अजून काही लोखंड?" तशी ती तरातरा खोलीत आली.

"आई, खुर्चीत बसता का जरा? या काढून टाकते. वेळेला उपयोगी पडल्या नाहीत, कशाला ठेवायच्या? दुसरं काहीतरी लावू खाटेला."

"थांब गं," आई म्हणाली. "त्या दिवशी तो आला होता इथे."

"कोण?"

"तोच. यांना न्यायला. वाकून हातसुद्धा घातला होता."

सून खाली बसली. "मग?"

"मी डोळे मिटून पडले होते. झोपेचं सोंग. मला वाटलं, बघून त्याला बरं वाटेल. खाट जराशी हलली, पण तो घोड्यांसाठी वाकला होता हे मला मागाहून कळलं." आईला धाप लागली, पण ती थांबली नाही. "आळस नव्हता गं त्याचा. माझी झोप मोडू नये म्हणून गेला. तू त्याला आळशी म्हणू नकोस. मला काय म्हणायचं ते म्हण."

बाहेरून भंगारवाला म्हणाला, "ताई, देताय ना?"

सुनेने माझ्यावर कपाळ टेकलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा रडली. 'तुमची चूक नाही' असं ती आईला म्हणाली नाही. तिच्याने तेवढं झालं नाही. पण तिने आम्हाला हलवलं नाही. बऱ्याच वेळाने उठून आईची उशी सारखी केली आणि भंगारवाल्याला जायला सांगितलं.

आता गाडीही विकली गेली आहे. आम्ही दोघी खाटेखाली आहोत. मित्रांनो, कुणी गाडीखाली जाणार असेल तर जॅकच्या भरवशावर जाऊ देऊ नका. दोन मिनिटांचं काम असलं तरी आधी घोड्या लावा, गाडी हलवून बघा. आणि घोड्यांवर कुणी झोपलं असेल तर खुशाल उठवा. झोपमोड झाली म्हणून माणूस चिडेल, घटकाभर बडबडेल आणि पुन्हा झोपेल.

सून रोज रात्री दिवा मालवायच्या आधी विचारते, "आई, झोपलात?"

आई दर वेळी डोळे उघडते आणि सांगते, "नाही गं, जागी आहे."