भिंतीतला सांधा

खालच्या मजल्यावरच्या बाई जिना चढून वर आल्या, तेव्हाच तिच्या लक्षात आलं की प्रकरण साधं नाही. गुडघ्यांमुळे बाई सहसा आपल्या मजल्याच्या वर येत नसत. निवृत्त गणिताच्या शिक्षिका त्या, बोलणंही मोजूनमापून.

"तुझ्या बाथरूमचं पाणी माझ्या भिंतीत उतरतंय," दारातूनच त्या म्हणाल्या. "परवा वीतभर ओल होती, आज हातभर आहे. मिस्टर कधी येतायत?"

"तीन महिन्यांनी."

"अगं, मग तोवर?"

"तोवर मी आहे की," ती म्हणाली. "उद्या मिस्त्री आणते."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. नवरा मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनियर. सहा महिने समुद्रावर, तीन घरी. या बारा वर्षांत तिने एकटीने घर बदललं होतं. नव्या घराची किल्ली नवऱ्याने हातात घेतली ती पाच महिन्यांनी. चष्म्याच्या दुकानात तिची नोकरी होती. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, केसाएवढे स्क्रू आवळायचे. हात स्थिर होता आणि जीभही लटपटत नसे. "एकटी कशी गं राहतेस?" असं कुणी सुस्कारा टाकून विचारलं, की ती सांगायची, "पाय पसरून."

फक्त एका गोष्टीची तिला अजून सवय झाली नव्हती. जहाज मध्येच मुकं व्हायचं, त्या दिवसांची. आताही तेच चाललं होतं. 'हवा जरा खराब आहे, दोन दिवस नेट नसेल,' एवढाच निरोप आला होता, आणि त्याला आता चार दिवस झाले होते. फोनवरच्या नकाशात त्याच्या जहाजाचा हिरवा बाण निळ्या रंगात एकाच जागी चिकटून बसला होता. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की असं होतंच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मधे ती एकदा बघून घ्यायचीच.

शिवाय दोघांचा एक नियम होता. तो कुणी ठरवला नव्हता, आपोआपच पडत गेला होता. फोनवर फक्त बरं तेवढं बोलायचं. तिचं मनगट मोडलं ते त्याला कळलं प्लॅस्टर निघाल्यावर. त्याचा दंड इंजिनरूममध्ये भाजला ते तिला कळलं, तो घरी येऊन शर्ट बदलताना.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली. मिस्त्री आले, भिंतीला कान लावून उभे राहिले, मग टाइलवर बोटाने टकटक करत खाली सरकले. "इथे आहे. फोडावं लागेल, ताई. साहेबांना एकदा विचारून घेता का? नंतर माझ्यावर नको."

"साहेब आहेत तिथे फोन लागत नाही. आणि भिंत माझीही आहे. फोडा."

मिस्त्रींनी पाणी बंद केलं आणि छिन्नी लावली. पहिली टाइल फुटली तशी आतून ओलसर मातकट वास आला. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. त्या दूरच्या गावी धाकट्या मुलाकडे राहत आणि अशा दिवसांत रोज फोन करत.

"आला का गं त्याचा फोन?"

एरवी ती म्हणायची, 'येईल हो आई, काही काळजी करू नका.' आज ठणाठण आवाजात गोड बोलायला सुचेना. "नाही आला."

"तुला कशी काळजी वाटत नाही गं?"

"वाटते ना. म्हणून तर भिंत फोडून घेतेय."

सासूबाई खुदकन हसल्या. "फोड बाई, फोड. मी इथे सकाळपासून सगळे डबे घासून काढलेत. स्वच्छच होते ते."

त्या हसण्याने तिला एकदम बळ आलं. फोन ठेवून तिने सरळ कंपनीच्या ऑफिसला लावला. तिथल्या माणसाने घासूनपुसून ठेवलेलं वाक्य ऐकवलं: "जहाज सुखरूप आहे, मॅडम, निश्चिंत राहा."

"निश्चिंत राहायचं की नाही ते मी बघते," ती म्हणाली. "रोज दुपारी बाराला जहाजावरून रिपोर्ट येतो. कालचा आला का?"

माणूस गडबडला. कागद चाळल्याचा आवाज आला. "आला आहे, मॅडम. वेग कमी आहे, पण जहाज चालतंय. नेटचा अँटेना बंद पडलाय, तो दुरुस्त होतोय."

"हे आधी सांगितलं असतंत तर एक फोन वाचला असता."

ती बाथरूमच्या दाराशी परत आली तेव्हा मिस्त्री हातातला तुकडा उजेडात फिरवत होते. पाइप वळतो तिथला प्लॅस्टिकचा सांधा, आत पितळेची जोडणी. प्लॅस्टिकवर केसासारखी चीर. रोज काचांवरचे ओरखडे शोधणाऱ्या तिला ती लगेच दिसली.

"माल चांगलाय," मिस्त्री म्हणाले, "पण प्रमाणाबाहेर आवळलाय. हाताला भारी जोर असलेल्या माणसाचं काम दिसतंय. कुणाकडून करून घेतलं होतं?"

तिने ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. मागच्या सुट्टीत नवऱ्याने नवा शॉवर बसवला होता. मिस्त्री बोलवूया म्हटल्यावर तो चिडला होता, 'जहाजाचं इंजिन चालवतो मी, आणि एक शॉवर बसवता येणार नाही?' दोन दिवस तो घामाघूम झाला होता. तिने टॉर्च धरली होती आणि वर वाहवाही केली होती.

"होता एक इंजिनियर," ती म्हणाली.

पुढच्या दिवशी दुपारी मिस्त्री टाइल्स लावायला आले. जुन्या रंगाच्या मिळाल्या नाहीत, म्हणून तिने मुद्दामच गडद निळी ओळ निवडली होती. दुसरी टाइल बसत होती आणि फोन वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर.

"कशी आहेस?" आवाज खरखरत होता, पण त्याचाच होता.

पालथ्या बादलीवर ती टेकली. "मजेत," हे तोंडातून सवयीनेच गेलं. मग समोरच्या भिंतीकडे बघून ती म्हणाली, "म्हणजे तशी मजेत नाही. बाथरूम फोडलंय. तू बसवलेला सांधा तडकला होता. बाईंच्या भिंतीत पाणी गेलं."



"आवळताना बारीक आवाज आला होता," तो म्हणाला. "टिक्, असा."

"मग?"

"मग मी तुला टॉर्च बंद करायला सांगितली."

ती इतकी हसली की मिस्त्रींनी वळून बघितलं. पलीकडे तोही हसत होता. हसता हसता त्याचा श्वास लांबला आणि वेगळ्याच आवाजात तो म्हणाला, "ऐक ना. इथेही एक झालं. सांगणार नव्हतो."

"सांग."

"परवा वादळात मेन इंजिन बंद पडलं. चाळीस मिनिटं. जहाज आडवं फिरलं, लाटा बाजूने यायला लागल्या. खाली उभं राहता येत नव्हतं. मी घाबरलो होतो गं. पहिल्यांदा एवढा."

'काळजी घे' हे शब्द जिभेवर आले, पण ते तिला फार किरकोळ वाटले. "बिघडलं काय होतं?" तिने विचारलं.

आणि तो सांगायला लागला. टाकीच्या तळाचा गाळ हेलकाव्यांनी कसा वर आला, फिल्टर कसे तुंबले, त्याने एका हाताने रेलिंग धरून दुसऱ्या हाताने ते कसे उघडले, साफ केले, पुन्हा लावले. ती मधेमधे विचारत राहिली, किती फिल्टर, सोबत कोण होतं, अंधार होता का. मिस्त्री निळी टाइल हातात घेऊन खोळंबले होते. तिने खुणेने सांगितलं, चालू द्या. सांगून झालं तेव्हा त्याचा आवाज सुटसुटीत झाला होता.

"आता आईला काय सांगू?" तो म्हणाला. "की नकोच?"

"ते माझ्यावर सोड."

त्याचा फोन संपला तसा तिने सासूबाईंना लावला. पहिल्या घंटेलाच उचलला गेला.

"आई, त्याचा फोन आला. ठणठणीत आहे. पण सगळं सांगायचंय तुम्हाला, आधी बसून घ्या."

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बसले," सासूबाई म्हणाल्या. "सांग."