लिलावाच्या शेडवरचा लाल दिवा

मी एक जुना किरणमापक आहे. जपानमधल्या नोतोच्या किनाऱ्यावर, मासळीच्या लिलावाच्या शेडवर माझी पेटी बसवली आहे. मित्रांनो, नाव मोठं लक्षण खोटं असं म्हणू नका, आधी माझं काम ऐका.

वादळी ढगातून कधी कधी गॅमा किरण निघतात. ते कुणालाच दिसत नाहीत. माझ्या पोटातला स्फटिक मात्र त्यांच्या स्पर्शाने लुकलुकतो. किरण एकदम वाढले की माझा लाल दिवा पेटतो. पुष्कळदा लगेच वीज कोसळते आणि किरण विझून जातात. वीज सगळं गाव बघतं. किरण फक्त मला भेटतात, आणि तेही थांबत नाहीत. फार एकटं वाटतं.

कानाझावा शहरातल्या शास्त्रज्ञ निशिओ बाईंनी मला बनवलं. "दिवा लागला की आडोसा धरा," असं त्या कोळ्यांना बजावून गेल्या. पण नुसत्या पावसातही किरण थोडे वाढतात, त्यामुळे सुरुवातीला मी उगाचच पेटायचो.

"हा तर माझ्या सासऱ्यासारखा," गावातले सर्वांत वयस्कर कोळी इसाकुआजोबा म्हणाले. "नाक लाल, कारण काही नाही!"

सगळे खो खो हसले. त्यानंतर माझ्याकडे कुणी बघेना. बघायच्या त्या फक्त आजोबांच्या बायको, त्सुयेआजी. त्यांची खिडकी माझ्या शेजारीच होती.

हिवाळ्यातल्या पहिल्या गडगडाटाने बुरी मासा जागा होतो, असं इथे मानतात. तो ऐकू आला की गावातला सर्वांत वयस्कर कोळी धक्क्याच्या टोकाला जाऊन समुद्राला साके, म्हणजे तांदळाची दारू, पाजतो. हिवाळ्यातली वीज एकदाच पडते, हाही इथला ठाम समज. म्हणून एकदा कडाडलं की लोक निर्धास्त होतात.

एका वर्षी आजोबा असेच बाटली घेऊन निघाले. मागून दुसरा ढग येत होता. मी पेटलो, आणि आजींनी खिडकी उघडली.

"अहो, परत या! दिवा लागलाय!"

"आलीस अपशकुन करायला! पडली ना वीज?"

"पडलेलीची बहीण येतेय मागून! या म्हणते ना!"

भांडण अर्धं राहू नये म्हणून आजोबा पाय आपटत परतले. तेवढ्यात टोकावरच्या खांबावर वीज कोसळली. आजीच्या आवाजाने वाचवलं, असं गाव म्हणालं. माझं नाव कुणी काढलं नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेल्या उन्हाळ्यात आजी वारल्या. खिडकी बंद झाली. माझ्या काचेवर खारं पाणी वाळून मीठ साचलं.

यंदा पहिला गडगडाट झाला आणि आजोबा एकटेच साके घेऊन निघाले. थोड्याच वेळात माझा स्फटिक लुकलुकू लागला. मी पेटलो. पण बघणार कोण? मला तोंड नाही. इतका अगतिक मी कधीच झालो नव्हतो.

अर्ध्या वाटेवर आजोबा थबकले. सवयीने त्यांनी खिडकीकडे वळून पाहिलं. खिडकी बंदच होती. शेजारी मिठाआडून मी मिणमिणत होतो. त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली.

"बरं बरं, ओरडू नकोस. येतोय," ते म्हणाले.

ते शेडखाली पोचले आणि धक्क्याचं टोक पांढरंफटक उजळलं. किरण विझले.

दुसऱ्या दिवशी आजोबा शिडी लावून वर आले. बाहीने माझी काच पुसत म्हणाले, "तूही एकटाच, नाही का रे?"

मित्रांनो, ज्याला हाक मारता येत नाही, त्याच्याकडे अधूनमधून वर बघत जा. काच पुसायला फार वेळ लागत नाही.