हेडफोनची पट्टी

हिला ऐकू येईनासं झालं, तेव्हा मुलीनं स्वतःच्या कॉम्प्युटरला एक माइक आणि कान पुरते झाकणारे हेडफोन जोडून दिले. दुपारी मुलीचं काम आटोपलं की आम्ही दोघं त्या टेबलाशी बसायचो. मी माइकमध्ये हळू बोलायचो आणि ही हेडफोन लावून, डोळे मिटून ऐकायची. आयुष्यभर लोकांची घरं रंगवली, मी बोलणार ते काय? कुठल्या भिंतीला ओल आली, खालच्या बाईंची मांजर कुठे व्याली, असलंच. पण घशाच्या शिरा न ताणता बायकोशी बोलता येतं, याचंच मला अप्रूप होतं.

हेडफोनची पिन घातली की पडद्यावरची आवाजाची पट्टी आपसूक वर जायची, काढली की मुलीच्या स्पीकरपुरती खाली यायची. मी विचारलं तर मुलगी हसली. "बाबा, ते दोन्हींचे आवाज वेगवेगळे लक्षात ठेवतं. आईचा आईला, माझा मला. तुमच्यासारखं विसरभोळं नाही ते."

ही गेली, त्यानंतरही मी दुपारी पिन घालून बसत राहिलो. हेडफोन तिच्या खुर्चीच्या पाठीला अडकवलेले असत. पट्टी तिच्या जागी येऊन थांबली की बरं वाटायचं. घरात तिचं म्हणून तेवढंच जागचं हललं नव्हतं.

मग तेही हललं. आधी केसभर, मग बोटभर, वर.

"तुमचाच हात लागला असेल," मुलगी म्हणाली. मी पट्टी जुन्या जागी आणून ठेवली. दुसऱ्या दुपारी पिन घातली तर ती आणखी वर गेली. स्पीकरची मात्र होती तिथेच. मुलीला मी पुन्हा काही बोललो नाही. हिचं ऐकणं असंच कमी होत गेलं होतं, आणि ते अजून थांबलं नव्हतं, एवढं मला कळलं. पट्टी टोकाला टेकली की पुढे काय, या धास्तीनं घास घशाखाली उतरेना.

ती टेकली त्या दुपारी मी उभा राहिलो आणि माइकला तोंड लावून ओरडलो, "माझी काळजी करू नकोस गं! मी वेळेवर जेवतो!"

मुलगी धावत आली. "अहो बाबा, शेजारी काय म्हणतील? कुणावर ओरडताय?"

"तिला पोचत नाहीये," मी म्हणालो.

मुलगी खुर्चीपाशी आली. मग "काही नसतं हो, हे बघा," म्हणत तिनं खुर्चीचे हेडफोन उचलून कानांना लावले. मी माइकपासून मागे सरलो होतो. खोलीत कुणीच बोलत नव्हतं. तिचा हात कानावर तसाच राहिला.

"काय झालं?" मी विचारलं. तिनं ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. बराच वेळ ती ऐकत होती. मग तिनं माइक स्वतःकडे ओढला आणि बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"आई, बाबा म्हणताहेत, ते वेळेवर जेवतात."