आठव्या वचनापाशी

चैत्राच्या अखेरची पहाट माळावर उतरत होती. नीलधूसर, विरल, थंड पावलांची पहाट. काळ्या खडकाच्या पठारावर अजून एकही रंग ठरला नव्हता; कडुनिंबांचे फुललेले माथे तेवढे राखेसारखे फिके दिसत होते, आणि त्यांच्या कडवट-गोड गंधाखाली गावाचे ख्रिस्ती कबरस्थान पसरले होते.

वर्षातून एकदा ही भूमी उजाडण्याआधी जागी होते. पुनरुत्थानाच्या सणाला, ईस्टरला, बायका मोगऱ्याच्या ओंजळी घेऊन येतात, पुरुष मेणबत्त्या घेऊन येतात, आणि कबरीकबरीच्या उशाशी एकेक थरथरता सुवर्णबिंदू उमलतो. मग ज्या घरात त्या वर्षी मृत्यू आला, त्या घरातले कोणीतरी पूर्वेकडे तोंड करून शुभवर्तमान वाचते. वाचन संपले की मंडळीचे पंच हाक देतात, "प्रभू उठला आहे!" आणि सारा माळ उत्तर देतो, "खरोखर उठला आहे!"

या वर्षी वाचायचे होते येमिमाने. आमोस चक्रनारायण मास्तरांच्या एकुलत्या लेकीने. मास्तरांची कबर माघातली होती. तिच्यावरची माती अजून बसली नव्हती, बसायला तयार नव्हती.

मास्तर गावच्या शाळेत संस्कृत शिकवीत. ग्रीक ते उतारवयात स्वतःच शिकले, आणि ती भाषा त्यांच्या कंठात शिरली ती संस्कृताच्या दारानेच. ग्रीक वचने ते ऋचांसारखी म्हणत. उदात्त, अनुदात्त, स्वरित. मान हलवीत, बोटांनी स्वर दाखवीत. खरा ग्रीक माणूस ऐकता तर हसता. मास्तरही हसत. "चालू दे गं. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्कालाही ग्रीक कुठं धड येत होतं!"

रोज सांजेला, अंगणात, एकच वचन. बाप आणि लेक, आणि मध्ये मार्काचे शुभवर्तमान. शब्द उचलायचा, उजेडात धरायचा, त्याची मुळे चाचपायची, मगच पुढे पाऊल. एके संध्याकाळी "थुगातेर" हा शब्द आला. गर्दीत येशूच्या वस्त्राला शिवणाऱ्या त्या आजारी बाईला तो म्हणतो, मुली. मास्तरांचे डोळे लकाकले. "दुहिता! बघ, समुद्रापलीकडं कोणीतरी तुझं नाव जपून ठेवलं होतं." तेव्हापासून ती त्यांची थुगातेर झाली. चहा ठेव, थुगातेर. दिवा लाव, थुगातेर.

आणि याच मार्काने त्यांचे व्यासपीठ नेले होते.

फार वर्षांपूर्वीच्या एका ईस्टरला मास्तरांनी उपदेशात सांगितले, की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनापाशी थांबतो. कबर रिकामी. तीन स्त्रिया कापत पळतात. कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्याल्या आहेत. संपले. पुढची बारा वचने, ती दर्शने, ते स्वर्गारोहण, सारे नंतरच्या कोण्या हाताचे. "ज्याला ते भय सोसलं नाही, त्यानं ती शिवली," मास्तर म्हणाले होते. "टाके सुबक आहेत. पण टाके आहेत."

मंडळी हादरली. पुन्हा त्यांना कोणी उपदेशाला उभे केले नाही. मास्तर मात्र दर रविवारी येत राहिले, शेवटच्या बाकावर बसत राहिले, आणि गीते सर्वांपेक्षा मोठ्याने गात राहिले.

माघात बापलेक पंधराव्या अध्यायात होते. क्रूसापाशी शिष्यांपैकी कोणी उरले नव्हते. काही स्त्रिया दुरून पाहत होत्या. त्या वचनावर सांज मावळली, आणि सकाळी मास्तर उठले नाहीत.

मग तिने एकटीने वाचले. तागाचे वस्त्र. खडकात खोदलेली कबर. दारावर लोटलेली धोंड. "आमच्यासाठी ती कोण बाजूला करील?" असे एकमेकींना विचारीत, सुगंधी द्रव्ये घेऊन, भल्या पहाटे निघालेल्या त्या तिघी. दिवसभर घरात सांत्वन करणारे येत. ते सुखात आहेत, म्हणत. रडू नकोस, म्हणत. ती मान हलवी, कप विसळी, आणि सांज होण्याची वाट पाही. कारण सांजेला मार्क भेटे, आणि मार्क तिची समजूत घालत नसे.

आठव्या वचनाच्या टोकाशी ती पोहोचली. "एफोबूंतो गार." त्या भ्याल्या होत्या म्हणून. त्या शब्दांपुढे कडा होता, आणि कड्यापुढे नुसते आकाश. ती त्या कड्यावर बसून राहिली. आणि बाबा गेल्यापासून प्रथमच तिला वाटले, की इथे आपल्याआधी कोणीतरी येऊन गेले आहे.

सणाच्या आदल्या दुपारी नथनेलकाका आढाव आले. मंडळीचे पंच, मास्तरांचे बालमित्र, आणि व्यासपीठ बंद करणाऱ्यांतले पहिले. टोपी गुडघ्यावर ठेवून ते बसले.

"मार्क वाचणार म्हणे."

"हो, काका."

"वाच. पण विसाव्या वचनापर्यंत वाच, बाळ. मधेच सोडू नकोस. लोक तिथं आपापली माणसं पुरून उभे असतात. त्यांच्या हाती काहीतरी द्यावं लागतं."

"बाबांनी खरं होतं ते दिलं."

"आमोसचा हट्ट आमोसबरोबर गेला." हे बोलून ते थांबले; आपलाच शब्द त्यांना कुठेतरी टोचला. मग टोपी झटकीत म्हणाले, "रविवारच्या शाळेतली पोरं तुझ्यावर जीव टाकतात. ती तुझ्याकडून काढून घ्यायची वेळ माझ्यावर आणू नकोस."

येमिमाने त्यांच्यापुढे चहा ठेवला.

आणि आता ही पहाट. वारा सुटला होता. ज्योती विझत होत्या, पेटत होत्या, पुन्हा विझत होत्या. "मेला वारा!" म्हाताऱ्या राहेलबाई नवऱ्याच्या कबरीशी काडीवर काडी ओढीत म्हणाल्या. "अगदी ह्यांच्यासारखा. जिवंतपणी माझं काही पेटू दिलं नाही, अन् आताही देत नाहीत." बायका पदराआड हसल्या, आणि त्या हसण्याने अंधार थोडा सैल झाला.

येमिमा उभी राहिली. पूर्वेला एक केशरी रेघ उघडत होती. ती वाचू लागली, सावकाश, मराठीतून. बापाने शिकवले होते तसे प्रत्येक शब्दाला त्याचा श्वास देत. शब्बाथाचा विश्रामदिवस सरला. तिघी निघाल्या. धोंड बाजूला लोटलेली होती. कबरीत बसलेला शुभ्र वस्त्रातला एक तरुण बोलला, तो उठला आहे. आणि तिघी पळाल्या. कापत, भांबावत पळाल्या. त्यांनी कोणाला काही सांगितले नाही, कारण त्या भ्याल्या होत्या.

मग ते शेवटचे शब्द तिने मुळातून म्हटले, उदात्त-अनुदात्त स्वरांत, मान किंचित हलवीत. "एफोबूंतो गार." त्या माळाने ती भाषा कधी ऐकली नव्हती. पण तो सूर शेवटच्या बाकावरचा होता, आणि सूर सर्वांनी ओळखला.

ती थांबली.

"पुढे," नथनेलकाका हळूच म्हणाले.

"पुढं नाही, काका."

"पुस्तकात आहे, बाळ."

"पुस्तकात आहे. मार्कात नाही."

"एवढ्या लोकांना भीतीत सोडून देतेस?"

"सोडत नाही, काका. मीही तिथंच आहे."

"मास्तरांनी कधी पुढचं वाचलं होतं, म्हणून ही वाचंल?" राहेलबाई मागून म्हणाल्या. कोणी हसले नाही.

नथनेलकाकांचा चेहरा कबरीच्या फरशीसारखा झाला. "मग पुढच्या रविवारपासून शाळेत शिकवायला येऊ नकोस," ते म्हणाले.

"बरं," येमिमा म्हणाली. तिचे ओठ पांढरे झाले होते.

नथनेलकाकांनी स्वतःचे पुस्तक उघडले. नववे वचन, उठलेला येशू त्या तिघींपैकी एकीला प्रथम दिसतो ते. मुरलेला, भारदस्त, मंडळीवर वर्षानुवर्षे छाया धरलेला आवाज. तो माळभर गेला, खडकांवरून परतला. दहावे वचन. तिने जाऊन त्याच्या सोबत्यांना सांगितले, जे शोक करीत होते, जे रडत...

जे रडत होते. आवाज तिथे अडखळला. काकांनी ओळीवर बोट ठेवले, ओळ पुन्हा धरली, पुन्हा त्याच शब्दापाशी आले. समोर त्या न बसलेल्या मातीचा उंचवटा होता, आणि त्या मातीखाली, त्यांच्याशी भांडून भांडून थकलेला, त्यांचा एकच मित्र होता. हा शब्द त्यांनी आयुष्यभर वाचला होता. त्यात राहणारी माणसे त्यांना आज दिसली.

ते पुढे वाचू शकले नाहीत. शाळेबद्दल बोललेला शब्दही त्यांनी मागे घेतला नाही. पुस्तक उघडे ठेवूनच ते उभे राहिले.

हाक आली नाही. उत्तर आले नाही. माळावर माणसेच माणसे, आणि कोणी कोणाला काही सांगत नव्हते.

राहेलबाईंनी आपला मोगरा उचलला, चालत आल्या, आणि येमिमाच्या शेजारी उभ्या राहिल्या. मग आणखी एक बाई आली. मग आणखी एक. त्यांच्या खांद्यांना कंप होता, त्यांच्या पदरांना वारा होता. त्या पळाल्या नाहीत.

एक टिटवी किंचाळत पठारावरून गेली, आपले सारे भय आभाळभर सांडत गेली. आणि मग उजेड आला. कोणी हाक न मारता आला. फरशीवर आला, मातीवर आला, उघड्या पानावर आला. आणि उजेडात ती होती, कोरड्या डोळ्यांची, ताठ मानेची, भ्यालेली, अजून भ्यालेली, आणि उभी.