शेगडीपाशी झोपणारी चिलटं

केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटांवर आपली मुलगी डॉक्टरेट करते, हे आईने नातेवाइकांना कधी सांगितलं नाही. ती म्हणायची, "मेंदूवर करते." तेही खोटं नव्हतं. चिलटाला मेंदू असतो. नातेवाइकांबद्दल सरसकट तसं म्हणता येणार नाही.

मुलीची चिलटं खास होती. चेतापेशी कामाला लागली की तिच्यात कॅल्शियम उसळतं. काम झालं की एक पंप ते उपसून पेशीतल्याच कोठारात भरतो. या वाणाचा पंप अधू. गारव्यात सगळं ठीक, पण उकाडा झाला की कॅल्शियम काही आवरेना आणि चिलट आडवं; गारवा मिळाला की पुन्हा उभं. प्रयोगशाळेत त्यांना कुंभकर्ण म्हणत.

"म्हणजे तुझ्यासारखंच," आई म्हणाली होती. "पसारा काढायचा, कपाटात ठेवायचा नाही."

रविवारी प्रयोगशाळेतली चिलटांची गार पेटी बिघडून तापली आणि सगळे कुंभकर्ण कायमचे झोपले. तो वाण दुसरीकडे कुठेच नव्हता. चार वर्षं पाण्यात गेली. मुलगी घरी येऊन स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली.

आईने चहा टाकला. "चिलटंच ना? तुझ्या कपड्यांतून येतात ती आहेत की इथे ढीगभर. पण मेली आळशी! शेगडी पेटली की ओट्यावर पटापट पडतात, जरा वेळाने उठून चालू लागतात. तुझ्या बाबांसारखी."

मुलगी ताडकन उठली. "कुठायत?"

"सकाळीच पुसली."

चहा उकळत होता. केळ्यांवरची चिलटं उठली, वाफेतून फिरली, आणि त्यातलं एक टपकन ओट्यावर पडलं. आईचा फडका सवयीने वर गेला.

"आई!"

फडका हवेतच थांबला. आईने दुसऱ्या हाताने पेला उचलून चिलटावर पालथा घातला. आवाज ऐकून बाबा आपलं भिंग घेऊन आले.

"मादी आहे," मुलगी पुटपुटली. "पोटात अंडी आहेत."

"पण ही एकटी," बाबा म्हणाले. "नवरा कुठून आणणार?"

"हिचं उरकलंय आधीच."

"आपल्या घरात? आणि आम्हाला पत्ता नाही?" आई म्हणाली.

पेल्याखाली एक पाय हलला, मग दुसरा. मादी उठली आणि चालू लागली. मुलीने तिला बाटलीत घेतलं आणि चप्पल न घालताच प्रयोगशाळेकडे धावली.

पुढे आणखी एखादा कुंभकर्ण ओट्यावर पडेल या आशेवर ओटा पंधरा दिवस पुसला गेला नाही. घराण्यात हे प्रथमच घडत होतं. नातेवाईक आले तेव्हा आईने तोंड वर करून सांगितलं, "मेंदूचं काम चालू आहे. हात लावू नका."