मार्था, १८११ ते १८५८

१८११ : मार्था मुंबईच्या गोदीत सागवानात बांधली गेली.
१८२६ : मार्थानं ऑस्ट्रेलियाला कैदी पोचवले.
१८३९ : मॉरिशसला मजूर.
१८५८ : मार्था बुडाली.

शिडाच्या या एकाच व्यापारी जहाजावर पूर्णिमानं सात वर्षं घातली. आज पीएचडीची तोंडी परीक्षा. सगळं इंग्रजीत. शेवटच्या रांगेत तिचे वडील पिराजी, त्यातलं अक्षरही न कळता, परीक्षकांसाठी आणलेला फेटा मांडीवर सांभाळत बसलेले. मागच्या खोलीत चाळीस पानांचा तांबडा-पांढरा रस्सा उकळत होता. परीक्षा दिली की जेवण उमेदवारानंच घालायचं, हे ठरलेलं.

मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी एक कागद पुढं सरकवला. "तुमचं जहाज १८२० साली जळालंय मॅडम. ही विम्याची नोंद. जळालेलं जहाज कैदी कसं नेतं?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"ही चार जहाजं आहेत," परीक्षक म्हणाले. "नाव तेवढं एक."

१८११ : मार्था बांधली गेली.
१८२० : मार्था जळाली.

पूर्णिमानं मार्गदर्शकांकडं, राजवर्धन सरांकडं पाहिलं. दुसऱ्याच वर्षी तिनं विचारलं होतं, सर, ही वेगवेगळी जहाजं तर नसतील? "एकच धर," ते म्हणाले होते, "उगं फाटे फोडू नको."

"मी बजावलं होतं," सर आता उठून म्हणाले. "तिनं ऐकलं नाही."

प्रबंध नापास. कुठल्याही एकाच जहाजावर नव्यानं लिहायचा.

व्हरांड्यात तिनं सरांना गाठलं. "सर, कैद्यांचं घेते."

"ते यशराजला पीएचडीला दिलंय की. गेल्या दिवाळीतच."

गेल्या दिवाळीत. प्रबंध तर त्यांनी त्यानंतर, उन्हाळ्यात सही करून पाठवला होता.

"मजुरांचं?"

"शिवानीला."

"बुडालेलं?"

"ते माझ्या पुस्तकात." सरांनी घड्याळ बघितलं. "जळालेलं हाय की तुला. चल, रस्सा निवतोय."

पंगत बसली. पिराजींनी परीक्षकांना फेटा बांधला, मग सरांसमोर वाकले. "सर, आता पोरीला डॉक्टर म्हणायचं न्हवं?"

"म्हणा की पावणं." सरांनी मटणाची नळी ताटावर आपटली. "तुमच्या घरात कोण अडवतंय?"

सगळी पंगत हसली. पिराजींना वाटलं, झालं. तेही हसले, आणि पांढऱ्याची बादली घेऊन उभ्या असलेल्या लेकीला मोठ्यानं म्हणाले, "डॉक्टरीणबाई, सरांची वाटी रिकामी हाय!"