सर्व ठीक

आउकेकाकांच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकताच वीबेने कोटाच्या खिशातली पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली. आयोवातल्या त्या गावात रविवारचा कोट ह्या गोळ्यांशिवाय नसेच. प्रवचन लांबलं की सगळी बाकं त्या चघळत बसायची. पण आज गोळीने काही भागेना. घरात काहीतरी सडत होतं.

"बसा," काका म्हणाले. वय ऐंशी, बायको जाऊन तीन वर्षं झालेली, पायांवर जाड चौकटीचं ब्लँकेट.

वर्षातून एकदा चर्चचे दोन पंच घरोघरी जायचे आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. थोरले पंच डर्क वही उघडून बसले, धाकटा पंच वीबे शेजारी.

"उपासनेला नियमित?"

"चालवत नाही, म्हणून रेडिओवर ऐकतो. एकही रविवार चुकवला नाही."

"जेवणानंतर बायबलवाचन?"

"तिन्ही वेळा."

"कुणाशी वैर? मनात अढी?"

"नाही."

प्रत्येक उत्तरापुढे डर्क टपोऱ्या अक्षरात 'होय' किंवा 'नाही' लिहीत होते. मोरीतल्या ताटांवर हिरवी बुरशी चढली होती. ब्लँकेटच्या कडेवर एक माशी बसत होती, उठत होती, पुन्हा तिथेच बसत होती. डर्कना हे दिसत नव्हतं असं कसं म्हणायचं? त्यांनी खुर्ची मोरीकडे पाठ करून घेतली होती.

डर्कनी जन्मात कधी रविवारचा विसावा मोडून गवत कापलं नव्हतं, कधी शिवी हासडली नव्हती, आणि बोलावल्याशिवाय कुणाच्या अडचणीत पाऊलही टाकलं नव्हतं. वीबेला त्यांची शिसारी आली. मग ध्यानात आलं, हे सगळं आपल्यालाही तंतोतंत लागू पडतं. शिसारी तशीच राहिली, फक्त जागा बदलून.

डर्कनी तळाशी 'सर्व ठीक' लिहिलं. "चला, प्रार्थना करून निघू. संध्याकाळच्या उपासनेला उशीर नको."

"काका, पाय दाखवा," वीबे म्हणाला.

"हा प्रश्न वहीत नाही रे," काका हसले.

"दाखवा म्हणतो ना."

डर्क अवघडले. "वीबे, माणसाच्या खासगीत कशाला शिरतोस? उद्या सोमवार आहे. मदत समितीला फोन करू, रीतसर."

गुडघ्यावर बसून वीबेने ब्लँकेट सारलं. मोजा कातडीला चिकटला होता. घोट्यापर्यंत पाऊल काळंनिळं पडलं होतं आणि बोटांच्या फटींतून पू गळत होता. डर्क खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"इतकं होईपर्यंत बोलला का नाहीत?"

"कुरकुर करू नये म्हणून शिकलोय आपण." काकांनी वीबेमागच्या खुर्चीकडे बोट केलं. "गेल्या वर्षी तू ह्याच खुर्चीवर बसला होतास. तेव्हा करंगळीच काळी होती. मोजाही घातला नव्हता मी, मुद्दाम. वाटलं, विचारशील."

वीबेला आठवलं. त्याला करंगळी दिसली होती. वासही आला होता, आणि तेव्हाही त्याने गोळीच तोंडात टाकली होती. मग स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं होतं, सर्व ठीक.

त्याने काकांना ब्लँकेटसकट उचललं. अंगात वजन असं उरलंच नव्हतं. कोटाच्या बाहीला पू लागला. मागून डर्क काहीतरी उपासनेबद्दल बोलत होते. वीबेने पायानेच दार लोटलं.

इस्पितळ चाळीस मैलांवर होतं. गाडीत वास कोंडला. गाव मागे पडल्यावर काकांनी शर्टाच्या खिशातून पेपरमिंटची एक गोळी काढून वीबेपुढे धरली.

"घे. त्रास होत असेल तुला."

"नको," वीबे म्हणाला.